नारिंगी रिबिनीची चोवीस झुडपं

२ जुलै, मंगळवार

तीनशे अकरापर्यंत आले होते आणि तोफ उडाली.

आकडा गेला. फांदी हातातून सुटली, सहा-सात हिरवी फळं मातीत पडली, म्हणजे ती फांदी आता बाद. गॅसची ही तोफ पाखरांना घाबरवायला ठेवलेली असते. ओढ्याकाठच्या पॉपलरवर दोन रॉबिन बसले होते. त्यांनी मानही वळवली नाही. शेतात घाबरलेली मी एकटी.

तायाजींना, बाबांच्या थोरल्या भावाला, फोन केला. शेत त्यांचं.

"मी मोजत असेन तेव्हा तोफ बंद ठेवायचं ठरलं होतं."

"बंदच आहे."

"आत्ता उडाली."

"शेजारच्या डी व्रीसची असेल. या गोऱ्यांना कुणाच्या कामाची पर्वा नसते."

तोफ माझ्यापासून चाळीस पावलांवर होती आणि तिच्या तोंडातून धूर निघत होता. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

३ जुलै

माझ्या मार्गदर्शक डॉ. वीब म्हणतात, शेतातल्या वहीत मतं नकोत. ठीक. ती वही वेगळी, ही वेगळी.

काम साधं आहे. ब्लूबेरीच्या झुडपांच्या चोवीस जोड्या. जोडीतल्या एकावर जाळी, दुसरं उघडं. दोन्हींवरची फळं दर सोमवारी मोजायची. दोन्हींतला फरक पाखरांनी खाल्ला. अशाच चोवीस जोड्या डी व्रीसच्या शेतात, तुलनेसाठी. गेल्या वर्षीच्या जाळ्या वाऱ्याने फाडल्या. यंदाचा मोसम शेवटचा, ऑगस्टअखेर शिष्यवृत्ती संपते. आकडा आला तर एम.एस्सी., नाहीतर सरे शहरात बाबांच्या टॅक्सीचे फोन घ्यायचे.

उघड्या झुडपांना खुणेची रिबीन बांधली. गुलाबी हवी होती. दुकानात नारिंगीच उरली होती.

सकाळी फळं तोडणाऱ्या बीब्यांची, म्हाताऱ्या पंजाबी बायकांची, व्हॅन आली. तायाजींनी सगळ्यांना ओळीच्या तोंडाशी उभं केलं आणि माझ्यासमोर बजावलं, "रिबीन बांधलेली झाडं मजुरीच्या वजनात धरायची नाहीत. ती आपली नाहीत."

बीब्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यात सर्वांत थोरली महिंदर बीबी. तिने त्या झुडपांना दोन्ही हात जोडले. विज्ञानाला इतका मान या शेतात पहिल्यांदाच मिळाला.

८ जुलै, सोमवार

उघड्या झुडपांवरची अकरा टक्के फळं गेली. एका आठवड्यात. डी व्रीसकडे दोन टक्के.

१० जुलै

पहाटे पाच ते दहा गाडीत दुर्बीण घेऊन बसते. पाखरं येतात, पण थोडी. तासाला सहा, फार तर आठ. रॉबिन एक फळ गिळतो, मग बराच वेळ कुंपणावर बसतो. स्टार्लिंगचे थवे तोफेला भीत नाहीत, पण तेही वरून निघून जातात, डी व्रीसच्या गाईंच्या गोठ्याकडे.

साडेनऊला महिंदर बीबी चहाचा थर्मास घेऊन काचेवर टकटक करते. पंजाबातल्या मोग्याजवळच्या गावची, सत्तरी ओलांडलेली. मुलाचं जाकीट, त्याच्या पाठीवर हॉकीच्या संघाचं नाव, कमरेला बादली.

"दिवसभर गाडीत बसून काय बघतेस?"

"पाखरं किती खातात ते."

"आमच्याकडे पाखरं हाकलायला गोफण असते. तुमच्याकडे डिग्री देतात?"

बाकीच्या हसल्या. मी चहा घेतला.

"खाऊ देत गं," ती म्हणाली. "वाट्याचं असेल ते खातील. तू बांधलीस ते फार चांगलं केलंस. आम्ही सगळ्यांनी तुझं नाव घेतलं."

कुठे घेतलं ते विचारलं नाही. शेतावर माझ्या कामाची कदर करणारं कुणीतरी आहे एवढं पुरे.

१५ जुलै, सोमवार

एकवीस टक्के.

काही गोष्टी जमत नाहीत, लिहून ठेवते. चोच मारलेलं फळ एकही नाही. झुडपाखाली विष्ठा नाही, पडलेली फळं नाहीत. फक्त पिकलेली जातात, शेजारचं अर्धं हिरवं फळ जागच्या जागी. आणि पाच फुटांच्या वरच्या फांद्यांवर नुकसान जवळजवळ नाही. पाखरांना खालच्या फांद्या का आवडाव्यात? वर ससाण्याची भीती असेल.

आणखी एक. शुक्रवारी मोजली तर फळं जवळपास जैसे थे. जे जातं ते शनिवार ते सोमवार जातं. शनिवारी दुपारी मी आकडे भरायला विद्यापीठात व्हँकुव्हरला जाते, सोमवारी पहाटे परतते. रविवारी तोफ बंद असते. म्हणजे पाखरं रविवार ओळखतात.

हे कुणी आधी लिहिलेलं मला सापडलं नाही.

१६ जुलै

डॉ. वीबना फोन. वाटलं होतं, खूश होतील.

"तासाला सहा पाखरं," त्या म्हणाल्या. "एकेकाने दहा फळं खाल्ली समजू. मग बाकीची चार हजार कोणी खाल्ली?"

"मी नसते तेव्हा येत असतील."

"असतील. पण तू नसतेस तेव्हा आणखी काय येतं तेही बघ."

मला राग आला. पहाटे चारला उठून, बोटं निळी होईपर्यंत मोजणारी मी. त्या तिकडे खिडकीत कुंड्या ठेवून बसलेल्या. माझ्या आकड्यावर विश्वास नाही असं सरळ सांगावं.

त्या शेवटी म्हणाल्या, "नवरूप, मोठा आकडा आला की मला आनंद होत नाही. आधी धास्ती वाटते."

म्हातारपण, दुसरं काय.

२२ जुलै, सोमवार

तीस टक्के.

तायाजींच्या ट्रकमध्ये आरशाला नवा सिरोपा, सन्मानाचं वस्त्र, लटकलाय, चकचकीत केशरी. काल गुरुद्वाऱ्यात त्यांच्या गळ्यात घातला म्हणे.

"कशाबद्दल?"

"देतात. म्हाताऱ्या माणसांना देतात."

तायाजी एकसष्टचे आहेत आणि मिशीला रंग लावतात. यापूर्वी त्यांनी स्वतःला म्हातारं म्हणवून घेतल्याचं मला आठवत नाही.

२४ जुलै

तायाजी पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले. तळघरातल्या माझ्या खोलीला आजवर ते बटाट्याची खोली म्हणत. खुर्ची ओढून बसले.

"तीस टक्के म्हणजे फारच झालं, नाही?"

मी सगळं समजावलं. डी व्रीसकडे उंच झाडं नाहीत आणि नुकसान नाही. इथे ओढ्याकाठी चौदा पॉपलर आहेत आणि नुकसान आहे. पाखरं पॉपलरवर राहतात, तिथून उतरून खातात. त्यांनी सगळं ऐकलं. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकलं असेल तर ते आज पहिल्यांदा.

"हे दोन ओळींत लिहून देशील? विद्यापीठाच्या कागदावर."

"कशाला?"

"जपून ठेवीन. पुतणीचा पहिला शोध."

लिहून दिलं. सहीखाली तारीख घातली.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर ते ओढ्याकाठी पावलं टाकत मोजत होते. पॉपलरच्या खोडापासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग परत. पाखरं किती अंतर उडतात ते बघत असावेत. माझ्या कामाची त्यांना गोडी लागली आहे.

२९ जुलै, सोमवार

एकेचाळीस टक्के. डी व्रीसकडे आठ.

रोपवाटिकेचा ट्रक येऊन ब्लूबेरीच्या रोपांच्या चारशे कुंड्या शेडमागे उतरवून गेला. जुनी ओळ बदलणार असतील.

३१ जुलै

पॉपलर तोडणार आहेत. मंगळवारी, सकाळी सातला. मला हे करवतवाल्याकडून कळलं. तो खोडांवर खडूने फुल्या मारत होता.

"तुमच्याच पत्रावर तर परवानगी मिळाली," तो म्हणाला. "ओढ्याची झाडं असल्यामुळे एरवी देत नाहीत. एकेचाळीस टक्के वाचून नगरपालिकेच्या कचेरीतल्या बाईंनी मुकाट शिक्का मारला."

मी तोडा असं कुठेही लिहिलेलं नाही. पाखरं तिथे राहतात एवढंच लिहिलं. कुणी कुठे राहतं हे सांगितलं म्हणून त्याचं घर पाडायचं असतं का? आणि एकेचाळीस टक्के मी तीस लिहिलेल्या कागदावर कोणी घातले?

तायाजी जेवत होते.

"तुम्ही मला फसवलंत."

"तूच म्हणालीस, पाखरं तिथून येतात."

"जाळी लावा. बाकीचे शेतकरी लावतात."

"वीस एकरांवर जाळी? तुझ्या विद्यापीठाला सांग पाठवायला." त्यांनी पोळीचा तुकडा डाळीत बुडवला. "सगळी दुनिया पिकासाठी झाडं तोडते, पोरी. मी तोडली की पाप. आणि आकडा माझा नाही. तुझा आहे."

हे खरं आहे, म्हणूनच जास्त संताप होतो. आकडा माझा आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

व्हँकुव्हरला गेले नाही. झाडं पडण्याआधी घरटी मोजायची म्हणून पॉपलरखाली बसून राहिले. वॅक्सविंगची दोन, रॉबिनची तीन, एक मला ओळखता आलं नाही.

पाचला वजनं झाली. व्हॅन उभी होती, पण कुणी चढेना. बीब्या नळाशी गेल्या. हात कोपरापर्यंत धुतले, चुळा भरल्या, ओढण्या डोक्यावरून नीट घेतल्या. मग बादल्या बाजूला ठेवून स्टीलचे डबे काढले आणि माझ्या चोवीस झुडपांकडे गेल्या.

मी बघत राहिले. त्या भराभर तोडत नव्हत्या. एक एक पिकलेलं फळ अंगठ्याने सोडवत होत्या, हिरव्याला धक्का न लावता. तोंडाने पाठ चालला होता. हात पोचेल तेवढं तोडत होत्या. पाच फुटांपर्यंत.

मी ओढ्यापासून तिथपर्यंत धावत गेले.

"काय करताय तुम्ही?"

"सेवा," महिंदर बीबी म्हणाली.

"ही चोरी आहे."

पाठ थांबला. एकीने डबा ओढणीखाली घेतला. महिंदर बीबीने तिचा हात धरून तो बाहेर काढला.

"लपवू नकोस, प्रीतम. लपवण्यासारखं काही नाही." मग माझ्याकडे वळली. "चोरी काय असते ते मला शिकवतेस? केशरी रिबीन कोणी बांधली? तू. ही झाडं आपली नाहीत असं कोण म्हणालं? तुझा ताया. आपली नाहीत तर मग कुणाची?"

"विद्यापीठाची."

"विद्यापीठाला झाडं कोण देतं?"

तिने डबा खाली ठेवला आणि सांगितलं. या शेतात पहिल्यापासून दर वर्षी एक ओळ गुरूघराची असायची. तिला केशरी फडका बांधलेला. ती लंगरसाठी बीब्या बिनमजुरीने तोडायच्या. तीन वर्षांपूर्वी भाव पडला आणि तायाजींनी फडका सोडला. कुणी काही बोललं नाही.

"यंदा रिबिनी पाहिल्या. आम्ही म्हटलं, जगतारला अक्कल आली. एक ओळ नाही, चोवीस झाडं, शेतभर पसरलेली. इतकी माया कुणी दाखवली नव्हती." तिने डबा उचलला. "आणि तू म्हणतेस चोरी."

"मला कुणी विचारलं का नाही?"

"दान देणाऱ्याला कुणी विचारतं का, खरंच दिलंस का म्हणून? उद्या ये. कुठे जातं ते बघ."

मी रिबीन बांधली तेव्हा हातात नारिंगी दिसली होती. आता लांबून पाहिली तर केशरीच.

४ ऑगस्ट, रविवार

गेले. गुरुद्वाऱ्यात, चार वर्षांनी. पंगतीत बसले. खिरीला जांभळी झाक होती आणि तळाशी फळं. माझी फळं. सगळी मोजलेली.

शेवटी स्टेजवरून नावं वाचली. "जगतार सिंग परिवाराकडून सलग पाचव्या आठवड्यात ब्लूबेरीची सेवा." तायाजी पुरुषांच्या बाजूला होते. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. मान वर केली तेव्हा मी दिसले.

ट्रकपाशी गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल."

"कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारी नाव घेतलं तेव्हा कळलं. तिथे उठून काय सांगू, मी दिलं नाही म्हणून?"

"मला सांगायचं होतं."

"तुझं वर्ष गेलं असतं."

"माझ्यासाठी गप्प राहिलात?"

त्यांनी ट्रकचं दार उघडलं. सिरोपा हलला. "तुझ्यासाठीही," ते म्हणाले. मग आत बसून, काच खाली करून, "ओढ्याकाठी चार ओळी बसतात, नवरूप. कुंड्या आल्यात. झाडांची परवानगी नऊ वर्षं मागतोय. तुझ्या कागदावर सात दिवसांत मिळाली. यात पाखरू मेलं का एक तरी?"

काच वर गेली.

दुपारी वही काढली. फक्त पाच फुटांवरच्या फांद्या धरून हिशेब केला. सात टक्के. डी व्रीसच्या आठपेक्षाही कमी. हा आकडा महिनाभर माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात पडून होता. मी ससाणा लिहिला होता.

५ ऑगस्ट, सोमवार

आज सरकारी सुट्टी. कचेरीला पत्र पाठवलं: माझा आकडा चुकीचा आहे, पत्र मागे घेत आहे, पाखरांचं नुकसान सात टक्के, पॉपलरचा संबंध नाही. यंत्राचं उत्तर लगेच आलं. कचेरी मंगळवारी साडेआठला उघडेल. करवतवाले सातला येणार.

तायाजींना पत्र दाखवलं. त्यांनी वाचून घडी घातली, परत दिलं. "साडेआठला ना?" एवढंच विचारलं.

डॉ. वीबना सगळं सांगितलं. त्यांनी पाच फुटांवरचे आकडे पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाल्या, "मोसम गेला. पण जे झालं ते जसंच्या तसं लिही. बीब्यांसकट. परीक्षक मानतील की नाही, मी शब्द देत नाही." मी तुला विचारलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं.

बीब्या आज कामाला होत्या. फळं सुट्टी पाळत नाहीत. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहून माफी मागितली. प्रीतम बीबीने तोंड फिरवलं. महिंदर बीबी बादली सोडून जवळ आली.

"उद्या ती झाडं पाडणार," मी म्हणाले.

"कुणी?"

"तायाजी. माझ्या पत्रावर."

ती ओढ्याकडे बघत राहिली.

"रिबीन किती उरली?"

मला समजलं आणि मी नाही म्हटलं. कुणी दिली नाहीत ती झाडं दिली म्हणायची, म्हणजे खोटी खूण. एक खोटी खूण मी आधीच शेतभर बांधली आहे, आणखी बांधणार नाही.

"ती पहिली खोटी होती का?" बीबी म्हणाली. "दीड हजार माणसं जेवली तिच्यावर. खोट्याने पोट भरतं?"

"तायाजी उठून सांगतील की मी दिली नाहीत."

"सांगू दे की. सगळ्यांसमोर सांगू दे. मला ऐकायचंच आहे."

मला तिचा राग येत होता, तायाजींचा येत होता, आणि सर्वांत जास्त त्या सहीचा, जिच्याखाली मी तारीख घातली होती. मग गाडीतून रिबीन आणून दिली. एक गुंडाळी, अर्धीहून कमी. बांधणार नाही म्हटलं होतं, बांधली नाही. दिली.

६ ऑगस्ट, मंगळवार

सहा पन्नासला करवतवाले आले. बीब्या आधीच ओढ्याकाठी उभ्या होत्या, डोक्यावर ओढण्या, बादल्या जमिनीवर. तायाजी ट्रकमधून उतरले नाहीत. करवतवाल्याने जाऊन विचारलं, या रिबिनी कसल्या. तायाजींनी आधी बीब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "ती सोडा. ती आपली नाहीत."

रिबीन अकरा खोडांना पुरली होती. उरलेली तीन त्यांनी पाडली. पहिलं सात वीसला, दुसरं आठला पाच कमी असताना. दुसऱ्यात वॅक्सविंगचं घरटं होतं, चार पिल्लं. तिसरं आठ पंचवीसला पडलं. साडेआठला कचेरी उघडली.